अवकाश संशोधनाचा खर्च आणि आपला किनारा

(संस्थेच्या विज्ञान मंडळातर्फे भरविण्यात आलेल्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात अवकाश संशोधनावर चार शब्द बोलावे असे विज्ञान मंडळाने मला सुचविले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी बी. ए., बी. एड. झालेला भूगोलाचा शिक्षक. अग्निबाण कसा उडतो, त्याचे गणित काय, हे आमचे विज्ञान शिक्षक माझ्यापेक्षा कितीतरी चांगले सांगतील. परंतु या विषयातील एका प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून देणे राहिले आहे. तो प्रश्न विचारणारे पालक आज याच सभागृहात बसलेले आहेत. त्यांचे देणे फेडावे, एवढ्यासाठीच मी उभा राहिलो आहे.

दिनांक २३ ऑगस्ट २०२३. त्या सायंकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरणार होते. शाळा सुटूनही मुले घरी गेली नव्हती. याच सभागृहात पडद्यावर ते दृश्य आम्ही दाखविले. सहा वाजून चार मिनिटांनी यान उतरले आणि मुलांनी असा काही जल्लोष केला की कौलांवरची कबुतरे उडाली. आपल्या मुलीला न्यायला आलेले एक नाखवा दाराशी उभे होते. मी त्यांना चाचा म्हणतो. मुले पांगल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, "सर, राग मानू नका, एक विचारतो. याला खर्च किती आला?"

वर्तमानपत्रात वाचलेला आकडा मी सांगितला. सुमारे ६१५ कोटी रुपये.

ते म्हणाले, "आमच्या बंदरावर बर्फाची गाडी यायला धड रस्ता नाही. ते जाऊ दे. पण तुम्हीच वर्गात सांगता की उपग्रह कितीतरी वर्षे वर फिरताहेत. मग फयानच्या वेळीही ते वर होतेच ना? माझ्या भावाला कुणी का नाही सांगितलं?"

मित्रांनो, आपल्यापैकी पाचवी-सहावीतील मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान नावाचे चक्रीवादळ अरबी समुद्रातून येऊन अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्याला लागले. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. मोहल्ल्यातील बायका दोन रात्री बंदरावर बसून होत्या, ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. माझ्या मामूंची बोट तिसऱ्या दिवशी आली. चाचांच्या भावाची बोट आली नाही. तिच्या फळ्या आल्या.

त्या संध्याकाळी मी चाचांना उत्तर देऊ शकलो नाही. "पाहून सांगतो," एवढेच म्हणालो. नंतर पुष्कळ वाचले, विचारपूस केली. त्यांनी एक नव्हे, दोन प्रश्न विचारले होते, हे मला हळूहळू कळले. पहिला, हा पैसा खर्च करणे योग्य आहे काय? दुसरा, योग्य असेल तर त्याचा उपयोग आमच्यापर्यंत का आला नाही? दोन्हींचा मी क्रमाने विचार करतो.

प्रथम खर्चाचा हिशेब पाहू. सन २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अवकाश विभागासाठी सुमारे १३,४०० कोटी रुपयांची तरतूद आहे. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु तो संपूर्ण अर्थसंकल्प सुमारे ५० लाख कोटी रुपयांचा आहे. म्हणजे सरकार १०० रुपये खर्च करते, त्यांतील २५ ते ३० पैसे अवकाशाच्या वाट्याला येतात. देशातील माणसांत वाटणी केली तर वर्षाला माणशी १०० रुपयांच्या आतच रक्कम येते. आपल्या बंदरातील एक ट्रॉलर एका फेरीत किती डिझेल जाळतो, हे समोर बसलेल्या पालकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्यांनी मनातल्या मनात तुलना करावी.

शिवाय हा पैसा आकाशात जात नाही. आकाशात जाते ते यंत्र. पैसा इथेच, जमिनीवर खर्च होतो. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात अग्निबाणाचे भाग घडविले जातात, मुंबईत विक्रोळीला त्याच्या इंजिनांचे काम होते. लेथवर काम करणारा कारागीर, वेल्डर, तपासनीस, हिशेबनीस अशा अनेकांचे संसार त्यावर चालतात. परंतु केवळ रोजगारासाठी उपग्रह सोडावेत असे मी म्हणणार नाही. रोजगार रस्ता बांधूनही देता येतो. उपग्रहापासून जे मिळते ते दुसऱ्या कशापासून मिळत नसेल, तरच हा खर्च योग्य ठरेल. आणि तसे ते मिळते, हे दाखविण्यासाठी मी आपणांस केरळच्या किनाऱ्यावर घेऊन जातो.

तिरुवनंतपुरमजवळ थुंबा नावाचे गाव आहे. वस्ती मच्छीमारांची, त्यांतील बरेचसे ख्रिस्ती. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताची रेषा या गावाजवळून जाते, त्यामुळे वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करण्यास ही जागा सोयीची होती. डॉ. विक्रम साराभाई यांनी तिची निवड केली. परंतु जागेवर कोळ्यांची घरे होती आणि सेंट मेरी मॅग्डलीन यांचे चर्चही होते. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपसाहेबांनी रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी आपल्या लोकांपुढे ही गोष्ट ठेवली आणि लोकांनी संमती दिली. घरे हलली. चर्चची इमारत अवकाश केंद्राचे पहिले कार्यालय बनली. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकेकडून मिळालेला होता. चर्चची ती इमारत आज अवकाश संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे.

भारताच्या अवकाश कार्याला पहिली जागा कोणी दिली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. ती मच्छीमारांनी दिली. पैसा सर्व देशाचा होता, परंतु राहते घर सोडणारे आपल्यासारखेच किनाऱ्यावरचे लोक होते. तेव्हा या कार्याकडून आमच्या पदरात काय पडले, असे विचारण्याचा पहिला अधिकार दर्यावर्दी माणसाचा आहे. चाचांनी तो बजावला, यात रागावण्यासारखे काही नाही.

गरीब देशाला हे थेर कशाला, असे साराभाईंनाही लोक विचारीत. त्यांचे म्हणणे असे होते की, चंद्रावर माणूस पाठविण्याच्या शर्यतीत श्रीमंत राष्ट्रांशी बरोबरी करणे हा आपला हेतू नाही. परंतु आपल्या समाजाच्या खऱ्याखुऱ्या अडचणी दूर करण्यासाठी नव्या तंत्राचा उपयोग करण्यात मात्र आपण कोणाच्या मागे राहता कामा नये. ते १९७१ साली गेले, पण त्यांनी आखलेला मार्ग सुटला नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोचविण्यात आले. वीज नुकतीच आलेल्या खेड्यांत लोक संध्याकाळी जमून शेतीविषयी, आरोग्याविषयी कार्यक्रम पाहत. महाराष्ट्रातील खेडी त्यात नव्हती.

महाराष्ट्रात दुसरे एक काम झाले. त्याच दशकाच्या आरंभी पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे उपग्रहाशी संपर्क साधणारे भूकेंद्र उभे राहिले आणि परदेशांशी होणारी दूरध्वनी संभाषणे त्या मार्गाने जाऊ लागली. आपल्या समाजातील किती घरांचा कर्ता पुरुष कुवेत, बहरीन, दुबई येथे होता, हे मी सांगावयास नको. आज बहुतेक बोलणे समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांमधून जाते. परंतु ज्या काळात पत्राला पंधरा दिवस लागत, त्या काळात दूरदेशीचा आवाज कानी पडला तो याच विद्येमुळे.

आता वादळाकडे वळू. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीइतक्याच वेळात एक फेरी पूर्ण करतो, म्हणून तो आपल्याला एका जागी टांगल्यासारखा वाटतो. तेथून संपूर्ण अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर त्याच्या नजरेत असतो. दिवसा, रात्री, दर अर्ध्या तासाला तो ढगांचे चित्र पाठवितो. पूर्वी वादळाची खबर कशी मिळे? एखादे जहाज त्यात सापडले आणि त्याने संदेश धाडला तर. म्हणजे कोणी तरी संकटात पडल्याशिवाय इतरांना कळत नसे. आता कन्याकुमारीच्या खाली ढग गोल फिरू लागले की ते त्याच दिवशी दिसतात.

याचा परिणाम ओडिशात पाहावा. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी तेथे महाचक्रीवादळ आले आणि सुमारे १०,००० माणसे गेली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच किनाऱ्यावर फायलिन हे अतितीव्र चक्रीवादळ धडकले. त्या वेळी लाखो लोकांना अगोदरच हलविलेले होते. मृतांची संख्या शंभरीपर्यंतही पोचली नाही. हे सर्व उपग्रहाने केले असे मी म्हणत नाही. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, गावोगाव माणसे तयार केली गेली. परंतु कोणते गाव आणि किती तासांत रिकामे करावयाचे, हे ठाऊक नसते तर निवारे रिकामेच राहिले असते. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. माड, पोफळी आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, वाडीवाल्यांचे पंधरा-वीस वर्षांचे उत्पन्न एका दुपारी गेले. परंतु बोटी बंदरात होत्या आणि माणसे निवाऱ्यात होती.

मासळीचेही असेच आहे. समुद्राच्या तळचे थंड पाणी जेथे वर येते, तेथे त्याबरोबर पोषक द्रव्ये येतात. त्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि पाण्याला हिरवट छटा येते. ती खायला लहान मासे येतात, लहानांमागे मोठे येतात. ओशनसॅटसारखे उपग्रह पाण्याचा हा रंग पाहतात, इतर उपग्रह पाण्याची उष्णता मोजतात. हैदराबादची सागरी माहिती सेवा संस्था, म्हणजे इन्कॉइस, त्यावरून मासे कोठे सापडण्याचा संभव आहे ते ठरवून मच्छीमारांना मराठीसह किनाऱ्यावरच्या भाषांतून कळविते. तांडेलाचा अनुभव त्यामुळे निरुपयोगी होत नाही. फक्त अंदाजाने दर्या धुंडाळण्यात जाणारे डिझेल वाचते.

येथे एक मुद्दा पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. हे काम सरकारी पैशानेच का करावे? एखाद्या व्यापाऱ्याने का करू नये? कारण वादळाची सूचना ही दुकानात विकण्याजोगी वस्तू नाही. ज्याने पैसे भरले त्यालाच वादळ कळवावे आणि शेजारच्या होडीला कळवू नये, असे कोणी करू लागला तर आपण त्याला माणूस म्हणणार नाही. आज मोठ्या जहाज कंपनीला जी सूचना मिळते, तीच छोट्या होडीवाल्यालाही फुकट मिळते. ज्या गोष्टीची सर्वांना सारखीच गरज असते आणि जी गरिबाला विकत घेणे परवडत नाही, ती सर्वांच्या वर्गणीतून करावी लागते. आपली ही शाळा तरी दुसऱ्या कोणत्या तत्त्वावर उभी राहिली?

चाचा, हे झाले आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. आता दुसऱ्याकडे येतो. ते अधिक कठीण आहे.

फयानच्या वेळी उपग्रह वर होते काय? होते. वादळ त्यांना दिसलेही होते. एवढेच नव्हे, समुद्राचा रंग आणि समुद्रावरचा वारा मोजणारा ओशनसॅट-२ हा उपग्रह २३ सप्टेंबर २००९ रोजी, म्हणजे फयानच्या बरोबर सात आठवडे आधी सोडण्यात आला होता. मग आपल्या भावाला का कळले नाही? कारण उपग्रहापासून किनाऱ्यापर्यंत ३६,००० किलोमीटरचा रस्ता आपण बांधला होता, परंतु किनाऱ्यापासून बोटीपर्यंतचा शेवटचा ७०-८० किलोमीटरचा रस्ता बांधलेला नव्हता. बंदरात धोक्याचा बावटा लागतो. बावटा बंदरात आणि बोट भर समुद्रात, तर तो पाहणार कोण? किनारा सोडल्यावर मोबाइल चालत नाही. आपल्या भावाच्या बोटीवर निरोप ऐकण्याचे दुसरे साधन नव्हते. वर खर्च झाला होता, खाली व्हावयाचा राहिला होता.

याची किंमत देशाने पुन्हा एकदा मोजली. २०१७ च्या नोव्हेंबर अखेरीस ओखी वादळाने केरळ आणि तमिळनाडूच्या मच्छीमारांना भर समुद्रात गाठले. अनेकजण परतले नाहीत. त्यांपैकी साठाहून अधिक बोटी भरकटत आपल्या सिंधुदुर्गात देवगडच्या बंदरी लागल्या आणि त्यांवरील नऊशेंहून अधिक माणसे वाचली. त्या अनुभवानंतर शेवटच्या रस्त्याकडे लक्ष गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये जेमिनी नावाचे छोटे यंत्र आले. ते उपग्रहाकडून थेट संदेश घेते आणि जवळच्या मोबाइलवर दाखविते, मग किनारा कितीही दूर असो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे दुसऱ्या एका योजनेचा आरंभ झाला. तीनुसार देशातील एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी दोन्ही बाजूंनी बोलणारी यंत्रे बसवावयाची आहेत. म्हणजे बोटीला निरोप मिळेल आणि बोटीलाही निरोप देता येईल. यंत्र इस्रोच्या तंत्रज्ञानाचे आहे.

चाचा, हे २००९ पूर्वी व्हावयास हवे होते. मी येथे उभा राहून कितीही बोललो तरी त्या उशिराची भरपाई होणार नाही, हे मी जाणतो. परंतु आपल्या दुःखातून जो धडा मिळतो तो अवकाशावर खर्च करू नका असा नाही. खर्च अर्ध्यावर थांबवू नका, असा तो आहे. विहीर खणली आणि पोहरा-दोर घेतला नाही, म्हणून विहीर बुजवावयाची नसते.

म्हणून माझी पालकांना विनंती आहे. बर्फाच्या गाडीचा रस्ता मागणे सोडू नका. उपग्रह सोडला नसता तर तो रस्ता झाला असता, असे मानण्यास काही आधार नाही. दोन्ही मागा. आपल्या बोटीवर यंत्र बसले का, ते चालते का, बिघडले तर कोण दुरुस्त करणार, हे मत्स्य खात्याच्या कचेरीत जाऊन विचारा. सरकारी पैशाचा हिशेब विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे.

आणि यंत्र बसले तरी एक काम उरते. निरोप वाचावा लागतो. अक्षांश-रेखांश समजावे लागतात. वाऱ्याचा वेग ताशी किती म्हणजे बंदर सोडू नये, हे कळावे लागते. गेल्या वर्षी मी नववीच्या वर्गात अक्षांश-रेखांश शिकवीत होतो. चाचांची तीच मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी रोज पहाटे अब्बांना मोबाइलवरचे आकडे वाचून दाखवते आणि नकाशावर खूण करून देते." मला माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत इतका आनंद क्वचितच झाला असेल. आकाशातून निघालेला निरोप या मुलीच्या तोंडून बोटीपर्यंत पोचत होता. त्या शेवटच्या रस्त्याचा एक तुकडा आपली शाळा बांधते आहे.

विद्यार्थी मित्रांनो, रामेश्वरच्या एका होडीवाल्याचा मुलगा १८ जुलै १९८० रोजी भारताचा पहिला स्वदेशी उपग्रह वाहक यशस्वी करणाऱ्या योजनेचा प्रमुख होता. त्याआधी ऑगस्ट १९७९ मध्ये त्याच वाहकाचे पहिले उड्डाण फसले होते. वडिलांची होडी वादळाने नेली होती, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. तुमच्यापैकी प्रत्येकजण कलाम होईल, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. परंतु कोणी त्या यंत्राची दुरुस्ती शिकेल, कोणी हवामानशास्त्र शिकेल, कोणी नुसता निरोप नीट वाचून वडिलांना सांगेल. यांतील कोणतेही काम कमी महत्त्वाचे नाही. आणि या कामांत मुलगा-मुलगी असा भेद नाही, हे चाचांच्या लेकीने आपणांस दाखविलेच आहे.

पालकांनी मुलांना दहावीनंतर लगेच बोटीवर किंवा परदेशी पाठविण्याची घाई करू नये, एवढे सांगून मी माझे भाषण संपवितो. 

खुदा हाफिज. जय हिंद.